सकाळी अडकणारं मॅगझिन

उत्कर्षाच्या पिस्तुलाला दुपारी काहीही होत नसे. सगळी चीड याचीच होती.

सकाळी रेंजवर बटण दाबलं, की गोळ्यांचं मॅगझिन आपलं मुठीत गप्प बसून राहायचं. अंगठा लाल होईस्तोवर दाबा, खालून नखाने ओढा, मनातल्या मनात शिव्या घाला, ढिम्म हलायचं नाही. आणि तेच पिस्तूल दुपारी कुणा जाणकाराला दाखवायला न्यावं, तर बटणाला नुसतं बोट लागायचा अवकाश, मॅगझिन अलगद तळहातावर. मग तो जाणकार उत्कर्षाकडे बघायचा. त्या बघण्यात ‘ताई, जमत नसेल तर कॅरम खेळा’ असं सगळं स्पष्ट लिहिलेलं असायचं.

बिबवेवाडीतल्या एका सहकारी बँकेत ती पासिंग ऑफिसर होती. माहेर यवतमाळचं, सासर मूळचं कसब्यातलं, आता बिबवेवाडीच्या फ्लॅटमधलं. पिस्तूल खेळाचं, पॉइंट टू टू, रीतसर लायसन्सचं. ते घरात लोखंडी कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीला. पंचवीस मीटरवरच्या या खेळात दुसऱ्या फेरीत सगळी घाई असते. पाच गोळ्या झाडायच्या, रिकामं मॅगझिन बाहेर काढायचं, पुढची हाक आली की मिनिटभरात भरलेलं मॅगझिन आत घालून तयार व्हायचं. बिघाड झाला तर पंच एकदा मुभा देतात. दुसऱ्यांदा अडकलं, तर त्या पाच गोळ्यांवर पाणी सोडायचं. नोव्हेंबरात जिल्ह्याच्या स्पर्धेत तिचं दोनदा अडकलं होतं. पाच गोळ्यांचं शून्य घेऊन ती घरी आली, आणि भाकरी थापताना परात अशी आपटली की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं.

आता राज्याच्या संघाची निवडचाचणी रविवारवर आली होती. संघात तिघी घेणार. मागची दोन वर्षं उत्कर्षा चौथी. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोयच उरली नव्हती, कारण एप्रिलमध्ये बढतीबरोबर तिची बदली व्हायची होती, आणि ज्या गावी व्हायची होती तिथे पंचवीस मीटरची रेंज म्हणून काही नव्हतीच. म्हणजे या रविवारी झालं तर झालं, नाहीतर संपलं. आणि एवढं सगळं अडून बसलं होतं कशावर, तर करंगळीच्या नखाएवढ्या एका बटणावर.

तिने काय करायचं ठेवलं होतं? मॅगझिन वाकलं असेल म्हणून रेंजवरच्या स्पृहाचं मागून लावलं. तेही अडकलं. म्हणजे मॅगझिन निर्दोष. बटणामागची स्प्रिंग दमली असेल म्हणून नवी मागवली, बसवली. अडकलं. मुठीचं लाकूड फुगून बटणावर चढत असेल म्हणून पॉलिश पेपरने कड घासली. मुठीचा चेहरा गेला, अडकायचं ते अडकलंच. नवरा केदार हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. त्याने लॅपटॉपवरून मान वर न करता ‘इशू रिप्रोड्यूस होतोय का?’ असं विचारलं. घरी होत नाही, रेंजवर होतो, असं सांगितल्यावर तो म्हणाला, मग एन्व्हायर्नमेंटचा प्रॉब्लेम आहे. त्या वेळी उत्कर्षाला वाटलं की हा माणूस स्वतःला फार शहाणा समजतो. तो अगदी बरोबर बोलला होता, हे तिला पुढे कळलं, आणि ते तिने त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

कोच रंगनाथ सर राहायला कसब्यात. गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून पेटी हातात घेऊन, लायसन्स पर्समध्ये टाकून, ती मागे एका शनिवारी उन्हात चालत त्यांच्याकडे गेली होती. सरांनी चष्मा लावला, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, बटण दाबलं. मॅगझिन सुटलं. पुन्हा घातलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सुटलं. सर म्हणाले की अंगठा तिरका पडत असेल तुझा. ती म्हणाली, सर, सहा वर्षं नाही पडला तो आताच काहून तिरका पडन? रागावली की तिच्या बोलण्यात यवतमाळ उतरायचं. सरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि तेल देत जा म्हणाले. रोज दे. कोरडं पडतंय.

आठवड्यातून एकदा तेल द्यायची, ती आता रोज देऊ लागली. बँकेतून आली, हातपाय धुतले, की जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरायचा, पिस्तूल सुटं करायचं, आणि लांब नळीच्या त्या छोट्या बाटलीतून बटणाच्या फटीत दोन थेंब. मग चार. मग भरपूर. टेबलाच्या पलीकडे सासरे, शरच्चंद्र, पेपरातलं कोडं घेऊन बसलेले असायचे. पाटबंधारे खात्यात जन्मभर ड्राफ्ट्समन होते. धरणांचे नकाशे हाताने काढलेले, फूटपट्टी न लावता सरळ रेघ मारण्याबद्दल खात्यात नाव होतं. सासूबाई गेल्यापासून घराची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि ती त्यांनी खात्यासारखीच चालवली होती. कुठलीही बाटली, कुठलाही डबा टाकायचा नाही. त्यामुळे घरात कशातही ते नसायचं जे वर लिहिलेलं असे. जॅमच्या बरणीत मोहरी, कॉफीच्या डब्यात गूळ, आणि पाहुण्यांसाठीच्या शांपूच्या बाटलीत भांड्यांचा साबण. नवी सून असताना उत्कर्षाने त्या शांपूने एकदा केस धुतले होते. तेव्हापासून स्वतःची वस्तू सोडली तर ती घरात वास घेतल्याशिवाय काही वापरत नसे.

शरच्चंद्रांना तिच्या नेमबाजीबद्दल काय वाटतं, हे तिला सहा वर्षांत कळलं नव्हतं. विरोध नव्हता. कौतुकही नव्हतं. ती स्पर्धेहून आली की ते विचारायचे, “भिंतीला लागलं की कागदाला?” आणि उत्तराची वाट न बघता कोड्यात डोकं घालायचे. तेलाचं हे प्रकरण सुरू झाल्यावर मात्र ते तेवढंही बोलेनासे झाले होते. ती बाटली हातात घ्यायची आणि ते उठून गॅलरीत जायचे. तिला वाटायचं, यांना आता माझी कटकट ऐकवत नाही. वाटायचं आणि आणखी डोकं फिरायचं.

जितकं तेल, तितकं जास्त अडकणं, असं चाललं होतं. डिसेंबर लागला, सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली, आणि मॅगझिन म्हणजे सिमेंटात बसवल्यासारखं झालं. सोमवारी अडकलं, बुधवारी अडकलं, शुक्रवारी तर काढायला रंगनाथ सरांना दोन्ही हात लावावे लागले. सरांनी आता अंगठ्याचं नाव काढलं नाही. पिस्तूल दुसरं कुणाचं मिळतंय का बघू, म्हणाले. पण परक्या पिस्तुलाची मूठ हातात बसायला महिना जातो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी बँकेला सुट्टी होती. निवडचाचणी दुसऱ्या दिवशी. रात्रभर तिला झोप नव्हती, म्हणून ती उजाडताच उठली आणि चहाही न घेता टेबलावर पेपर अंथरून बसली. एरवी ती तेल द्यायची संध्याकाळी, स्वयंपाकघरात कुकर-फोडण्या होऊन घर ऊबदार झालेलं असताना. सकाळी ती बाटली तिने कधी हातातच घेतली नव्हती. आज घेतली, फटीत नळी धरली आणि दाबली. काही आलं नाही. पुन्हा दाबली. बाटली तर अर्धी भरलेली. तिने नळीचं टोपण फिरवून काढलं आणि आत बघितलं.

आत पांढरं, घट्ट, मेणासारखं काहीतरी होतं.

तिने बोट घालून ते काढलं. बोटावर ते हळूहळू वितळलं. तिने वास घेतला. ओळखीचा होता, अगदी रोजचा. रविवारी न्हाण्याआधी ती डोक्याला लावायची तेच. आजवर टेबलावर हा वास यायचा तेव्हा तिला वाटायचं, आपल्याच वेणीचा येतोय.

खोबरेल तेल.

ती उठून बाथरूममध्ये गेली. तिथली खोबरेलाची बाटली थंडीने तशीच पांढरीफटक गोठून बसली होती. मग मात्र सगळं एका दमात लक्षात आलं. दुपारी उन्हात वितळतं, मॅगझिन सुटतं. सकाळी थंडीत गोठतं, मॅगझिन अडकतं. आणि अडकलं म्हणून आपण संध्याकाळी आणखी घालतो. दोन महिने, बाप्पा, दोन महिने ती स्वतःच्या हाताने स्वतःच्या पिस्तुलात खोबरेल ओतत होती, आणि स्प्रिंगला, लाकडाला, सरांना, नवऱ्याला, सगळ्या दुनियेला बोल लावत होती.

हे कुणी केलं, हे विचारायची गरजच नव्हती. या घरात बाटल्या भरायचं काम एकाच माणसाचं होतं.

शरच्चंद्र हात शालीत गुंडाळून गॅलरीत तुळशीपाशी उभे होते. तिने बाटली त्यांच्यासमोर धरली. त्यांनी बाटलीकडे बघितलं, तिच्याकडे नाही.

“सांडलं होतं,” ते म्हणाले. “भरून ठेवलं.”

“खोबरेल?”

“तेलाला तेल. मशीनला चालतं.”

एवढंच. ना चुकलं, ना राहिलं. उत्कर्षाच्या डोक्यात जे काही दोन महिने शिजत होतं ते सगळं उतू गेलं. ती खूप बोलली. एरवी सासऱ्यांपुढे आवाज न चढवणारी बाई, पण त्या सकाळी तिने काही शिल्लक ठेवलं नाही. सांडलं तर सांगायला तोंड नव्हतं का, म्हणाली. मी रोज तुमच्या डोळ्यांसमोर तेच घालत होते आणि तुम्ही उठून झाडांना पाणी घालत होता, म्हणाली. एका बाटलीची काटकसर करून तुम्ही काय साधलं, म्हणाली. आणि शेवटी जे म्हणाली, ते म्हणताना तिचा आवाज फाटला.

“तीन वर्षं राबले मी या एका जागेसाठी. तुम्ही ती खोबरेलात घातलीत. हात गुंडाळून बघत बसलात.”

केदार झोपेतून उठून दारात येऊन उभा होता. शरच्चंद्रांनी शालीत घेतलेले हात तसेच ठेवले. ते कुणालाही एका शब्दात गप्प करणारे गृहस्थ, पण त्यांनी मान वळवली. तिच्या बाजूने आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. उत्कर्षाला त्याचाही राग आला. भांडायलाही समोर माणूस उभा नको का?

दिवसभर मग तिने पिस्तूल धुतलं. मूठ काढली, बटण काढलं, स्प्रिंग काढली. केदारने स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल काढून दिलं, त्यात जुना टूथब्रश बुडवून ती गॅलरीत बसून एकेक खाच घासत राहिली. बाहेर काय काय आलं, सांगायला नको. केदार दोनदा म्हणाला की बाबांना एकदा नीट विचार तरी. ती म्हणाली, तूच विचार, तुझे बाबा आहेत. संध्याकाळी कसब्यात जाऊन सरांकडून खरं तेल आणलं. सरांना काय झालं ते सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले, पण हसले नाहीत, आणि त्याबद्दल तिने त्यांचे मनातून आभार मानले. तेलाचा एकच थेंब बटणाच्या फटीत सोडून ती झोपली.

रविवारी सकाळी ती खाली उतरली तर शरच्चंद्र मफलर गुंडाळून गाडीत मागच्या सीटवर बसलेले. कुणी बोलावलं नव्हतं. उत्कर्षाने केदारकडे बघितलं, केदारने खांदे उडवले. लोणी काळभोरच्या पुढच्या त्या रेंजपर्यंत ती पेटी मांडीवर धरून समोर बघत राहिली. आजूबाजूला ऊस, त्यावर धुकं, आणि अशी थंडी की कालपर्यंतचं मॅगझिन चिमट्यानेही निघालं नसतं.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत तिने पाच गोळ्या झाडल्या, श्वास धरला आणि बटणावर अंगठा ठेवला.

मॅगझिन तळहातावर आलं.

पुढच्या पाचांनंतर आलं, त्याच्या पुढच्या पाचांनंतरही आलं. शेवटपर्यंत आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला बटणाचा विसर पडला. हिशेब लागला तेव्हा पहिल्या दोघी ठरल्या होत्या, आणि तिसऱ्या जागेसाठी उत्कर्षा आणि स्पृहा बरोबरीत. थोड्या विश्रांतीनंतर दोघींच्या पुन्हा पाच-पाच गोळ्या व्हायच्या होत्या. जिचे गुण जास्त, ती संघात.

पाणी प्यायला ती प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे आली. केदार वडे आणायला गेला होता. टोकाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर शरच्चंद्र एकटेच बसले होते. रेंजच्या चहावाल्याने त्यांच्या हातात कागदी कप दिला, “गरम हाय, आजोबा, जपून” म्हणाला आणि पुढे गेला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. तोंडापर्यंत नेता नेता तो हिंदकळला, चहा मफलरवर सांडला. त्यांनी घाईने कप पायाशी ठेवला, इकडेतिकडे बघितलं, आणि उजवा हात मांडीखाली सारून त्यावर बसले. तरी खांदा हलत होता.

उत्कर्षा जागच्या जागी थांबली. हात कशाकशाने हलतो, हे तिला पाठ होतं. थंडीने हलतो, भुकेने हलतो, झोप झाली नाही की हलतो, घाबरलं की हलतो. सहा वर्षं तिने दुसरं काही बघितलंच नव्हतं, स्वतःच्या हाताशिवाय. हे जे समोर दिसत होतं, ते त्यातलं काही नव्हतं.

मग तिला एकेक आठवत गेलं. दिवाळीपासून कपबशी बाजूला ठेवून त्यांनी स्टीलचा पेला धरला होता. दाढी करायला ते न्हाव्याकडे जाऊ लागले होते. कोड्याचा पेपर रोज समोर असायचा, पण त्यातल्या चौकटी गेले कित्येक दिवस कोऱ्या होत्या. टेबलाच्या पलीकडे, हातभर अंतरावर.

ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

“बाबा, ती बाटली हातातून पडली ना?”

ते समोरच्या उसाकडे बघत राहिले. “सैल झालेलं टोपण नीट लावायला गेलो. म्हटलं, तुझी धावपळ असते.” थोडं थांबून म्हणाले, “तसलं तेल कुठे मिळतं ते ठाऊक नव्हतं. विचारायचं, तर कसं सांडलं ते सांगावं लागलं असतं.”

“कधीपासून होतंय?”

“गणपतीपासून.”

“केदारला सांगितलंत?”

“नाही.” मग त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात, “एकदा सांगितलं की माणसाचा पेशंट होतो.”

काल आपण काय काय बोललो, ते तिला शब्दन् शब्द आठवलं. हात गुंडाळून बघत बसलात. तिने मान खाली घातली. मी काल फार बोलले, असं काहीतरी ती पुटपुटली. बोललीस, ते म्हणाले, आणि बरोबर तेच बोललीस.

तेवढ्यात पंचांनी दोघींची नावं पुकारली. उत्कर्षा उठली. डोळे भरले होते, आणि उजव्या हाताची बोटं आपोआप थरथरायला लागली होती. ते तिच्याआधी त्यांना दिसलं.

“आता तू सुरू करू नकोस,” शरच्चंद्र म्हणाले. “घरात एक तरी हात सरळ राहू दे. जा.”

ती गेली. पाच गोळ्या झाडल्या. नेम धरताना तिला टार्गेटशिवाय काही दिसत नव्हतं असं नाही. सगळं दिसत होतं. तरी हात जिथे ठेवायचा तिथे तिने ठेवला. स्पृहाचे गुण चांगले आले. उत्कर्षाचे त्याहून दोन जास्त आले.

केदार वड्यांचा पुडा हातात घेऊन धावत आला, रंगनाथ सरांनी पाठीवर थाप मारली, कुणीतरी फोटो काढा म्हणालं. उत्कर्षा पिस्तूल पेटीत बंद करून त्या टोकाच्या खुर्चीपाशी आली आणि खाली बसली. शरच्चंद्रांच्या मांडीखालचा हात तिने बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो तिच्या हातांत हलत राहिला. केदार समोर उभा राहून ते बघत होता, पुडा तसाच हातात धरून.

“उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं,” ती म्हणाली.

“सोमवारी सकाळी तुझी प्रॅक्टिस असते. संघात घेतल्यावर पहिल्याच दिवशी दांडी?”

“हो,” उत्कर्षा म्हणाली.